हंगामातील सर्वाधिक ट्रिपल (बेसबॉल)

बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षकाची चूक न होता फलंदाज एकाच फटक्यावर तिसऱ्या बेसपर्यंत पोहोचला, तर त्या फटक्यास ट्रिपल म्हणतात. मेजर लीगमधील एका हंगामातील सर्वाधिक ३६ ट्रिपल पिट्सबर्ग पायरेट्सच्या चीफ विल्सन याने १९१२ साली मारले. अन्य कोणत्याही हंगामात त्याला १४ पेक्षा अधिक ट्रिपल जमले नाहीत, हे विशेष. कारकिर्दीत विक्रमी ३०९ ट्रिपल मारणाऱ्या सॅम क्रॉफर्डचाही हंगामी उच्चांक २६ च होता.

पायरेट्सच्या फोर्ब्स फील्ड या मैदानाचे कुंपण फार दूर होते. त्यामुळे चेंडू आतच दूरवर घरंगळत जाई व फलंदाजास धावण्यास अवधी मिळे. पुढे कुंपणे जवळ आली आणि होमरनला महत्त्व आले. २००७ मध्ये डेट्रॉइट टायगर्सच्या कर्टिस ग्रँडरसनने २३ ट्रिपल मारले, तेही ऐसपैस घरच्या मैदानामुळेच बहुधा शक्य झाले.