उसाच्या शेजारचा मुलाणी

श्रीपूर जवळ आलं की आधी मळीचा वास येतो. लहानपणी तो आम्हाला गोड वाटायचा, कारण हंगाम लागला की बाजारात पैसा खेळायचा. आजोबा मात्र म्हणायचे, "कारखाना आला आन् सुगी गेली." हे कोडं मला फार उशिरा सुटलं.

माळशिरस तालुक्याचा हा भाग दुष्काळी. भाटघर धरणाचं पाणी नीरेच्या उजव्या कालव्यानं इकडं आलं. 1932 साली सरकारनं देशी साखरेला जकातीचं संरक्षण दिलं आणि माळावर चिमण्या उभ्या राहिल्या. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगर वसवलं. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 मध्ये बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, तिचा कारखाना श्रीपूरला. पलीकडं इंदापूर तालुक्यात वालचंदनगर. ब्राह्मण, माळी, गुजराती जैन अशा तीन वेगळ्या समाजांतले उद्योजक एकाच धरणाच्या पाण्यावर उभे राहिले.

आणि आम्ही? आम्ही मुलाणी. त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा'त (1915) मुलाणाही भेटतो. बकरं हलाल करायचं, मशिदीची दिवाबत्ती बघायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याची ज्वारी आणायची. हक्काची, पण मानाची म्हणावी अशी नाही; पसरलेल्या हातात मान कसला? ज्वारीच्या जागी ऊस आला आणि खळं मोडलं. उसाचं बलुतं कोण देणार? मोळी उचलून कुणी मुलाण्याच्या दारात टाकत नाही. आजोबांची सुगी गेली ती अशी.

पुढं कायदे आले. कूळकायद्यानं 1 एप्रिल 1957 ला कसणारा मालक झाला. 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्यानं साखर कंपन्यांच्या जमिनी सरकारकडं गेल्या, 1963 मध्ये शेती महामंडळ निघालं. ज्यांनी कंपन्यांना खंडानं जमिनी दिल्या होत्या ते खंडकरी अर्धं शतक लढले आणि त्यांना जमिनी परत मिळू लागल्या. न्यायच झाला. पण मुलाणी कूळही नव्हता आणि खंडकरीही नव्हता.

सहकाराचंही तेच. प्रवरानगरनं 1950 च्या सुमारास वाट दाखवली, नंतर श्रीपूरचा कारखानाही सहकारी झाला. सहकारात एका सभासदाला एक मत. ऐकायला किती लोकशाही! पण ऊस उत्पादक सभासद व्हायला ऊस हवा, उसाला जमीन हवी. कारखान्यातून पतसंस्था, कॉलेज, झेडपी, आमदारकी अशी शिडी चढत जाते आणि तिची पहिली पायरी सातबारा आहे. आमचे मुलाणी, तांबोळी, शिकलगार खालीच राहिले. शेजारी कोयता घेऊन बीडहून आलेलं जोडपं होतं, मुकादमाची उचल फेडणारं. म्हणून हे फक्त मुसलमानांचं रडगाणं नाही.

मलेशियात 1969 च्या दंगलीनंतर सरकारनं उघड प्रश्न विचारला : कोणत्या समाजाकडं किती भांडवल आहे? 1971 च्या धोरणात मलय समाजाला 1990 पर्यंत तीस टक्के वाटा ठरवला. त्याचा मोठा लाभ वरच्या मलयांनीच घेतला, ही टीका मला पटते. तरी प्रश्न विचारला गेला. आपल्याकडं सच्चर समितीनं 2006 मध्ये विचारला, तेव्हा 'लांगूलचालन' हा शब्द उत्तर म्हणून तयार होता.

महाराष्ट्रात शब्बीर अन्सारी आणि सहकाऱ्यांच्या मुस्लिम ओबीसी चळवळीनं वेगळी वाट काढली. धर्म नको, व्यवसाय बघा, असं त्यांनी सांगितलं. नव्वदच्या दशकात राज्य सरकारनं ते मान्य केलं. आमच्या घरातली पहिली सरकारी नोकरी त्यातूनच आली.

गेल्या वर्षी पुतण्याच्या दाखल्यासाठी पुरावा शोधत होतो. 1967 पूर्वीचा लागतो. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात मास्तरांनी एकच शब्द लिहिलाय, 'मुसलमान'. आता मोडी वाचणारा माणूस गाठलाय. पंढरपूरचा आहे. जुन्या गावकागदात 'मुलाणा' सापडतो का, ते पाहायला आम्ही सोमवारी जाणार आहोत.