पूर्वनियती आणि आज्ञार्थ

उद्धार कोणाचा करावयाचा हे ईश्वराने सृष्टीपूर्वीच ठरविले असेल, तर धर्मोपदेशाला प्रयोजन काय उरते? कॅल्व्हिनवादावर हा आक्षेप वारंवार घेतला गेला आहे. मराठी वाचकाला येथे प्रारब्धाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु प्रारब्ध हे कर्त्याच्याच पूर्वकर्माचे फळ असते. डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८-१९) प्रतिपादिलेल्या निवडीला मात्र माणसाच्या गुणावगुणांचा कोणताच आधार नाही. तरीही शुभवर्तमान आणि पश्चात्तापाची आज्ञा सर्व राष्ट्रांना भेदभाव न करता सांगितली जावी, असे त्याच सभेने नमूद केले. निर्णय आणि आज्ञा यांतील ताण अशा रीतीने मूळ संहितेतच अंतर्भूत होता.

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये, विशेषतः जॉन गिल यांच्या प्रभावाखालील बॅप्टिस्टांत, हा ताण एका बाजूने मिटविला गेला. पाप्याच्या ठायी श्रद्धेचे सामर्थ्यच नाही. सामर्थ्य नाही तेथे कर्तव्यही नाही. सबब सर्वांना आवाहन करणे निरर्थक, असे हे तर्कशास्त्र होते.

अँड्र्यू फुलर यांच्या १७८५ च्या ग्रंथाने नेमका हाच दुवा तोडला. जोनाथन एडवर्ड्‌स यांनी १७५४ मध्ये केलेला नैसर्गिक आणि नैतिक असामर्थ्यातील भेद फुलर यांना उपयोगी पडला. ज्याला पाय नाहीत त्याचे न चालणे दोषार्ह नाही; पाय असून ज्याला चालावयाचेच नाही त्याचे न चालणे दोषार्ह आहे. पाप्याचे असामर्थ्य दुसऱ्या प्रकारचे असल्याने आज्ञा अर्थपूर्ण ठरते. ईश्वरी निर्णय हे माणसाला न वाचता येणारे विधान होय. आज्ञा मात्र त्यालाच उद्देशून आहे. आचरणाचा नियम आज्ञेतून मिळतो, निर्णयातून नव्हे.

विल्यम कॅरी यांची १७९२ ची पुस्तिका या भूमिकेवर उभी आहे. तिच्या शीर्षकातील ‘बंधन’ आणि ‘साधने’ या अर्थांचे शब्द सूचक आहेत. पुस्तिकेत देशोदेशींचे विस्तार, लोकसंख्या आणि धर्म यांची कोष्टके आहेत. निवडलेल्यांची यादी अज्ञेय राहिल्यामुळेच जणू सर्व मानवजातीची यादी करणे आवश्यक ठरले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग येथे मिशनसंस्था स्थापन झाली. ईश्वराला परधर्मीयांचे परिवर्तन घडवावयाचे असल्यास तो तुझ्या साहाय्यावाचून घडवील, असे थोरल्या जॉन रायलंड यांनी कॅरींना सुनावल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. रायलंड यांच्या पुत्रानेच तिच्या सत्यतेविषयी शंका घेतली होती. या आख्यायिकेमुळे मिशनकार्य म्हणजे कॅल्व्हिनवादाशी फारकत, असा समज दृढ झाला. वस्तुतः फुलर आणि कॅरी दोघेही निवडीचा सिद्धान्त मानीत राहिले.

कॅरी १७९३ मध्ये बंगालमध्ये पोहोचले. कृष्ण पाल या त्यांच्या मिशनच्या पहिल्या हिंदू धर्मांतरिताचा बाप्तिस्मा डिसेंबर १८०० मध्ये झाला. फळ ईश्वराधीन मानणाऱ्याला सात वर्षांचे अपयश सोसणे तुलनेने सुकर होते. फोर्ट विल्यम महाविद्यालयात अध्यापन करीत असताना सिद्ध झालेले त्यांचे मराठी व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) हीदेखील व्यापक अर्थाने ‘साधने’च होत.

परंतु या उकलीला दुसरी बाजू आहे. उपदेशकाला मुक्त करणारा भेदच श्रोत्याला बांधतो. ज्याचे असामर्थ्य केवळ इच्छेचे, त्याचा नकार हा अपराध ठरतो. आपल्या परंपरेच्या आधारे विचारपूर्वक दिलेले उत्तर म्हणून तो ऐकून घेण्यास या मांडणीत जागा उरत नाही. वसाहतकालीन मिशनरी वाङ्मयातील नकाराच्या चित्रणाचा विचार करताना समीक्षेने या ईश्वरशास्त्रीय पूर्वपीठिकेची दखल घेणे अगत्याचे आहे.