अखाजी आणि सालदार

अखाजी हा खानदेशात सासुरवाशिणींच्या माहेरपणाचा व झोक्यांचा सण. परंतु सालदाराचे नवे साल ठरण्याचा दिवसही तोच होय. या दुसऱ्या अखाजीचा विचार समाजबंधूंनी अवश्य करावा.

इ. स. १८१८ मध्ये खानदेशात इंग्रजी अंमल आला. सारा रोखीने भरावा लागू लागला व कोर्टाच्या हुकुमाने कर्जदाराची जमीन सावकारास घेता येऊ लागली. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-६५) कापसाचे भाव चढले, तेव्हा कर्जे सढळ हाताने मिळाली. युद्ध संपताच भाव कोसळले, कर्ज मात्र राहिले. पूर्वी धुळे जिल्ह्यात असलेल्या (१९९८ पासून नंदुरबार) शहादे-तळोदे भागात कित्येक भिल्लांच्या जमिनी अशाच कर्जापायी गेल्या व मालकाचा सालदार झाला. १९७१-७२ मध्ये अंबरसिंग सुरतवंती प्रभृतींनी याविरुद्ध लढा उभारला. १९७४ च्या कायद्याने जमिनी परत मिळण्याचा मार्ग झाला. १९७६ मध्ये वेठबिगारी कायद्याने बंद झाली.

तथापि जमिनीमागून मान जातो आणि मानामागून मुलाची शाळा. बापाने अखाजीला उचल घेतली की जूनमध्ये हजेरीपटावर मुलाचे नाव तेवढे उरे, मुलगा गुरांमागे असे. हे मी मास्तरकीत अनेकदा पाहिले.

आपल्या समाजातही सालदार ठेवणारी व सालदारी करणारी, अशी दोन्ही घरे आहेत. पंगतीस ती शेजारी बसतात; सोयरिकीच्या वेळी मात्र ओळख विसरतात. निदान येत्या अखाजीला उचल देताना प्रत्येकाने एवढे विचारावे : ‘बाबा, तुझा मुलगा शाळेत जातो ना?’