डफाची एक थाप

आमच्या धुळ्यात लग्नाचा ठेका माणसं धरायची. आधी डफ-सनई, मग ब्रास बँड. १९८५ साली रोलँड कंपनीचा ऑक्टापॅड, म्हणजे काठीनं वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, बाजारात आला. पुढं एकटा वादक चौघांचं काम करू लागला. पण ऑक्टापॅड आमच्या ऐपतीबाहेरचा.

मग ठेका संगणकावर आला. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीनं १९९७मध्ये फ्रूटीलूप्स हे सॉफ्टवेअर काढलं. सोळा चौकोनांत खुणा करा, ठेका तयार. त्याला पैसे पडत. २००४मध्ये सुरू झालेलं तसंच एलएमएमएस हे सॉफ्टवेअर मात्र फुकट. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून मी जुना संगणक आणला, दोन जीबी रॅम टाकली. स्पीकर परवडेनात, म्हणून हेडफोन. एलएमएमएसमध्ये परदेशी ड्रम भरपूर होते, आमचा डफ नव्हता. श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या मिरवणुकीत तो मोबाइलवर टिपला. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक थाप कापली. मागचा गलका काढता काढता रात्र सरली. पहाटे पहिला ठेका वाजला तेव्हा आईनं स्वयंपाकघरातून आमच्या अहिराणीत विचारलं, ‘कोनं लगीन शे?’ म्हणजे, कुणाचं लग्न आहे?

अहिराणी गाण्याला बळ दिलं ते अशा स्वस्त जुळणीनं, असं माझं ठाम मत आहे. पोरांनो, तयार लूप उचलण्याआधी आपल्या गावच्या वाजंत्र्याची थाप टिपून ठेवा.