बेथेलची साक्ष

परभणीहून मनमाडकडे निघाले की मानवत रोड, सेलू, परतूर मागे टाकत गाडी जालन्याला पोचते. हा लोहमार्ग १९०० साली सुरू झाला. त्याच्या कितीतरी आधी, बैलगाडी आणि घोड्याच्या काळात, जालन्याबाहेर बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसले होते. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळीची वाटचाल सांगायला बसले की कोणी गोऱ्या मिशनऱ्यांपासून सुरुवात करतो, कोणी दुष्काळापासून. मी बेथेलपासून करतो. हे गाव उभे करणारा माणूस मराठी होता, ज्यांच्यासाठी उभे राहिले तेही मराठीच, आणि जमीन निजामाच्या दिवाणाने दिलेली.

त्या माणसाचे नाव नारायण शेषाद्री. मुंबईतल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला हा ब्राह्मण तरुण १८४३ च्या सप्टेंबरात ख्रिस्ती झाला. रेव्हरंड रॉबर्ट नेसबिट यांनी त्याला बाप्तिस्मा दिला. धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा. तोही मिशनऱ्यांकडे राहू लागला तेव्हा वडील मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले, आणि न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी मुलगा वडिलांच्या हवाली केला. घरी आला खरा, पण मिशनऱ्यांच्या पंगतीला जेवलेल्या मुलाला जातीत घ्यायचे कसे? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताची बाजू उचलून धरली, सनातन्यांचा रोष ओढवून घेतला, आणि मराठी समाजसुधारणेच्या इतिहासात श्रीपत शेषाद्री प्रकरण कायमचे नोंदले गेले. परत आलेल्या धाकट्याला पाठ्यपुस्तकांत जागा मिळाली. न परतलेल्या थोरल्याची बोळवण एका ओळीत होते. त्याची गोष्ट मात्र पुढे जवळजवळ पन्नास वर्षे चालू होती.

त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्च निघाले होते. डॉ. जॉन विल्सन, नेसबिट आणि त्यांचे सहकारी फ्री चर्चबरोबर गेले. परिणामी त्यांना मुंबईतल्या आपल्या इमारती सोडाव्या लागल्या. म्हणजे नारायणने ज्या संस्थेचा हात धरला, तीच तेव्हा घर शोधत होती.

त्या काळची हवा वादाची होती. विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि दोनच वर्षांत मोरभट दांडेकरांशी त्यांचा धर्मावर जाहीर वाद झाला. उत्तरेत संस्कृतचे अभ्यासक जॉन म्यूर यांनी ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ १८३९ मध्ये काढून खऱ्या धर्माच्या कसोट्या मांडल्या. चमत्कार ही त्यातली एक कसोटी. त्याला उत्तर देणाऱ्यांत सिहोरचे मराठी पंडित सुबाजी बापू होते, तसे काशीचे तरुण नीलकंठशास्त्री गोरेही होते. पंडितांचे म्हणणे रोखठोक होते. चमत्कार आमच्या पुराणांतही आहेत. तुमचे तेवढे खरे आणि आमचे खोटे, हे ठरवणार कोण? गंमत अशी, की म्यूरना सडेतोड उत्तर लिहिणारे हेच गोरे १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले, आणि पुढे पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा राहिला.

पंडितांचा हा आक्षेप मला आजही महत्त्वाचा वाटतो, आणि परभणीत तर फारच. आमच्या भागात चमत्काराचे कोणाला अप्रूप? औंढा नागनाथाचे देऊळ नामदेवांसाठी फिरले, ही कथा इथले शेंबडे पोरही सांगते. औंढा आणि नामदेवांचे नर्सी ही दोन्ही गावे १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणीतच होती. गंगाखेडच्या जनाबाईबरोबर विठ्ठल दळण दळायचा. अशा मुलखात जाऊन ‘आमचा प्रभू तिसऱ्या दिवशी कबरेतून उठला’ असे सांगितले, तर ऐकणारा मान डोलावेल, हात जोडेल, आणि आपल्या कामाला लागेल. नवल म्हणून सांगितलेले पुनरुत्थान इथे एक आणखी नवल होऊन बसते.

ख्रिस्ती श्रद्धेने पहिल्यापासून भर दिला तो नवलावर नाही, साक्षीदारांवर. पौलाने करिंथच्या मंडळीला पहिले पत्र लिहिले ते साधारण इसवी सन ५५ च्या आसपास, म्हणजे येशूच्या वधस्तंभानंतर फार तर पंचवीस वर्षांनी. त्याच्या पंधराव्या अध्यायात तो नावांची यादीच देतो. आधी केफा म्हणजे पेत्र, मग बारा जण, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक माणसे, मग याकोब, मग सारे प्रेषित, आणि शेवटी तो स्वतः. त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असेही तो बजावतो. त्याचा अर्थ उघड आहे: खात्री करायची तर जाऊन विचारा. ही यादी त्याला आधीच्यांकडून मिळालेली होती, असे तोच सांगतो. म्हणजे तिचे वय पत्रापेक्षाही जास्त. यादीतला याकोब हा येशूचा भाऊ. तो येशूच्या हयातीत त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांत नव्हता. पौल तर मंडळीचा छळ करणारा. आपल्या मताविरुद्ध साक्ष देणाऱ्याचे वजन कोणत्याही कोर्टात जास्त असते.

पण मला सगळ्यात ठाम पुरावा वाटतो तो पौलाच्या यादीत नसलेल्यांचा. चारही शुभवर्तमाने सांगतात, की रिकामी कबर आधी बायकांनी पाहिली. तपशिलांत चौघांचा मेळ नाही. कोण किती जणी सांगतो, कोण दूत एक म्हणतो, कोण दोन. मग्दालिया मरिया मात्र चौघांतही आहे. त्या काळच्या यहुदी समाजात बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. बायकांची साक्ष घेऊ नये, असे इतिहासकार जोसेफस स्पष्ट लिहून ठेवतो. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या टीकाकाराने हाच धागा पकडून टर उडवली: पाहिले कोणी, तर एका भ्रमिष्ट बाईने! शिष्यांनी तरी कुठे विश्वास ठेवला? लूक लिहितो, की त्यांना ती वटवट वाटली. कोणाला गोष्ट रचायचीच असती, तर त्याने पहिला साक्षीदार म्हणून एखादा शास्त्री किंवा सरदार उभा केला असता. ज्याची साक्ष कोणी धरणार नाही असा साक्षीदार खोटे बोलणारा निवडत नाही.

यावरून पुनरुत्थान गणितासारखे सिद्ध होते, असे मी म्हणणार नाही. प्रेत चोरीला गेल्याची आवई तेव्हाही उठली होती आणि ती खुद्द मत्तयानेच नोंदवली आहे. भास झाला असेल, असे आजही म्हणता येते. मग पाचशेंचे काय, याकोबाचे काय, छळ करणाऱ्या पौलाचे काय, हे प्रश्न उरतात, एवढेच. इतिहास माणसाला कबरेच्या दारापर्यंत आणून सोडतो. आत डोकावायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. थोमा या शिष्याने जखमांत हात घालून पाहण्याची अट घातली, तरी त्याला कोणी मंडळीतून काढले नाही.

आता पुन्हा जालन्याकडे.

१८६० च्या दशकात शेषाद्री जालन्यात आले. ही लष्करी छावणीची आणि निजामाच्या मुलखातल्या कापसाच्या व्यापाराची जागा. त्यांच्याकडे आलेले लोक बहुतेक मांग आणि महार समाजातले होते. ब्राह्मण पाळक आणि गावकुसाबाहेरची मंडळी एका भांड्यातून प्रभुभोजन घेत होती. त्या काळात ही केवढी उलथापालथ होती, याची कल्पना आज येणे कठीण. पुढे हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली आणि तिच्यावर बेथेल उभे राहिले: विहिरी, घरे, शाळा, चर्च. नाव उत्पत्तीच्या पुस्तकातले. घरातून पळालेला जुन्या करारातला याकोब उशाला दगड घेऊन झोपला होता, त्या जागेचे. पागोटे घातलेले शेषाद्री या गावासाठी स्कॉटलंडला गेले, अमेरिकेला गेले. ऑक्टोबर १८७३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते बोलले. १८९१ मध्ये अशाच एका लांबच्या समुद्रप्रवासात त्यांचा अंत झाला.

बेथेलवर टीकाही करायला हवी. गावकुसाबाहेरच्यांना वेगळे गाव दिल्याने जुने गाव बदलले नाही. ते आपल्या जागी तसेच राहिले. मिशनच्या जमिनीवर, मिशनच्या विहिरीवर वाढलेल्या मंडळीला स्वतःच्या पायावर उभे राहायला पुढे फार वेळ लागला. पण माणूस म्हणून उभे राहायला आधी हक्काची जागा लागते, हे ज्याला जागा नाही त्यालाच कळते. मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने १८५५ साली सावित्रीबाई-जोतिरावांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध छापला. ती मुलगी ख्रिस्ती नव्हती. तिने मांगामहारांच्या दुःखाबद्दल जे लिहिले ती साक्षच होती, आणि तीही जिचे म्हणणे गावात कोणी ऐकून घेतले नसते अशा तोंडून आलेली. पंधराएक वर्षांनी बेथेलमध्ये जे लोक राहायला आले, ते त्याच दुःखातून आले होते. रिकाम्या कबरेची बातमी पहिल्यांदा बायकांना मिळाली, हे ऐकताना त्यांना ते परके वाटले नसावे.

उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानण्याची गोष्टही या साक्षीवरूनच समजते. मराठी मंडळ्यांत रविवारच्या उपासनेत साक्षीची वेळ असते. कोणी उठून सांगतो, बोअरला पाणी लागले. कोणाची लेक सुखरूप बाळंत झाली, कोणाचा मुलगा पोलीस भरतीत निघाला. मग उपकारस्तुतीचे पाकीट. पिकाच्या सणाला तर ज्वारीची कणसे, तुरीच्या शेंगा, भोपळे, कोंबड्या वेदीपुढे येतात आणि उपासना संपली की लिलाव होतो. वीस रुपयांचा भोपळा पाचशेला जातो, घेणारा तो पुन्हा देऊन टाकतो, आणि परत बोली सुरू.

पौलाने करिंथकरांच्या पत्राच्या त्याच पंधराव्या अध्यायात उठलेल्या ख्रिस्ताला पहिल्या पिकाची उपमा दिली आहे. वल्हांडणाच्या दिवसांत यहुदी लोक सातूची पहिली पेंढी देवापुढे आणत. पहिली पेंढी आली म्हणजे मागचे शेत खरे. परभणीच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे रब्बी ज्वारीची सुगी आणि ईस्टर पुष्कळदा मागेपुढेच येतात. कृषी विद्यापीठाने दिलेल्या ‘परभणी मोती’चे टपोरे दाणे खळ्यावर पडलेले असतात, आणि कबरस्तानात पहाटेच्या उपासनेला जाण्यासाठी लोक तीन-चारलाच उठतात. एक जण म्हणतो, ‘प्रभू उठला आहे’. बाकीचे म्हणतात, ‘खरोखर उठला आहे.’

मात्र खळे रिकामे असते तेव्हा काय? २०१२ ते २०१६ या वर्षांत मराठवाड्याने ते पाहिले. अशा वर्षी पाळकाने भोपळ्याच्या लिलावावर उपदेश करणे म्हणजे थट्टा. मला वाटते, अशाच वेळी दोन प्रकारच्या उपकारस्तुतीतला फरक कळतो. एक मिळालेल्या मालाची पोच असते. दुसरी हबक्कूक संदेष्ट्याची. अंजिराला फूल नाही, शेतात दाणा नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी आनंद करीन म्हणणारी. ही दुसरी हवेतून येत नाही, तिला काहीतरी आधार लागतो. ख्रिस्ती माणसाचा आधार असा, की एकदा मरण हरले आहे, आणि ते पावसावर अवलंबून नाही. हा आधार खोटा असेल तर आमची श्रद्धा व्यर्थ आणि आम्ही सगळ्यांत दयनीय, हे पौलानेच कबूल केले आहे. इतके सरळ बोलणारा प्रचारक विरळा.

शेषाद्रींनंतरची वाटचाल मी भराभर सांगतो, कारण ती कागदोपत्री सापडते. १९०० मध्ये फ्री चर्च युनायटेड फ्री चर्चमध्ये विलीन झाले आणि १९२९ मध्ये ते चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये. १९४८ मध्ये निजामाचे राज्य संपले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ चा, आणि परभणी त्यात येते. या साऱ्याच्या मधोमध १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आहे. त्यानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी मुख्यतः हिंदूंना होता. १९५६ मध्ये तो सर्व शिखांपर्यंत पोचला, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्याला तो आजही नाही. त्यामुळे अनेक घरांत रविवारची उपासना एक सांगते आणि तहसीलचा दाखला दुसरेच. या लोकांना दुटप्पी म्हणणे सोपे आहे. त्यांच्या जागी राहून पाहणे तितके सोपे नाही.

जुन्या मिशन अहवालांत शेषाद्रींचे नाव ठळक दिसते. बेथेलची बाकी माणसे बहुधा आकड्यांत येतात, यंदा इतके बाप्तिस्मे, शाळेत इतकी मुले. पहिल्या पेंढीची नोंद राहिली, शेताची राहिली नाही. आमच्या भागातल्या मंडळ्यांत बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या अजून असतील. काही कपाटात, काही पाळकांच्या जुन्या पेटीत, काहींना वाळवी लागलेली. त्या बाहेर काढून नावे उतरवून घ्यायला हवीत, आणि जोडीला आजीबाईंच्या साक्षीही, म्हणजे सासर कुठले, माहेर कुठले, घरात पहिल्यांदा कोण ख्रिस्ती झाले, कोणत्या दुष्काळात आणि कशासाठी. तपशिलांत मेळ बसणार नाही. एक जण म्हणेल आजा आधी, दुसरी म्हणेल आजी. दोन्ही लिहून ठेवावे. बायबलातही मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांचा मेळ जबरदस्तीने घातलेला नाही.