चार आण्यांचा प्रेक्षक

चित्रपटांचा इतिहास लिहिणारे निर्मात्यांची व नटांची नावे जपून ठेवितात. चार आणे मोजून काळोखात बसणाऱ्या सामान्य प्रेक्षकाचे मत मात्र क्वचितच कोणी टिपून ठेविले. ते जाणावयाचे तर तो कशासाठी पुनःपुन्हा आला, हेच पाहावे लागते.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविण्यात आली, तेव्हा प्रवेशाचा दर एक रुपया होता. लवकरच नॉव्हेल्टी नाटकगृहात खेळ होऊ लागले व चार आण्यांची तिकिटे निघाली. स्थानकात शिरणारी आगगाडी, समुद्रस्नान, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार; चित्र हलते एवढ्यावरच मंडळी तृप्त होत. पण नव्याचे नऊ दिवस!

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणिला. ही कथा आबालवृद्धांस मुखोद्गत होती. तरीही, किंबहुना म्हणूनच, ती पाहण्यास लोक लोटले. १९१७ च्या ‘लंकादहना’त राम दिसताच प्रेक्षक हात जोडीत. राम व सीता या दोन्ही भूमिका साळुंके या एकाच पुरुष नटाने केल्या होत्या, ही गोष्ट त्यांच्या भक्तीच्या आड आली नाही.

मग १९२५ साली बाबूराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’ काढिला. कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी त्यात होता. जाणत्यांनी त्याची वाखाणणी केली. तिकिटांच्या खिडकीवर मात्र त्यास फारसे यश लाभले नाही. येथे टीकाकार प्रेक्षकाच्या अभिरुचीस दोष देऊन मोकळे होतात. हा न्याय घाईचा होय. कारण दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शिलेल्या, प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्येही (१९३६) दारिद्र्य काही कमी नव्हते, आणि तो चित्रपट मुंबईत एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची प्रशंसा झाली खरी. परंतु गिरगावातील कारकुनास व्हेनिसशी काय कर्तव्य? त्याला हवी होती गौरीबाईंनी उभी केलेली जिजाई. मूल आजारी पडले असता ती वहाण उगारून थेट देवळात शिरते व विठोबास जाब विचारते. चमत्कार पाहण्यास आलेल्या माणसास तेथे आपल्याच स्वयंपाकघरातला आवाज ऐकू आला. ‘सावकारी पाशा’तील दुःख खरे होते, पण ते मुके होते, या दुःखास भांडता येत होते, हसता येत होते आणि गाताही येत होते.

विष्णुपंत पागनीस पडद्यावर गात तेव्हा नट व संत यांतील अंतर कित्येकांस उरले नाही. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी नव्याने रचिलेला एक अभंग तुकोबांचाच आहे, असे समजून लोक घरोघर गाऊ लागले. चांगल्या जाणकारांनाही प्रथम तो त्यांच्या गाथेतलाच वाटला.