विंडोज ११ बसवताना येणाऱ्या अडचणी आणि त्यांवरील उपाय

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्यामुळे जुना संगणक बंद पडत नाही. मात्र नव्याने उघडकीस येणाऱ्या सुरक्षात्रुटींवर त्याला दुरुस्ती मिळेनाशी होते. म्हणून अनेकांना विंडोज ११ कडे वळावे लागते. या स्थित्यंतरातील बहुतेक अडचणी दूर करता येतात. गमावलेल्या फायली परत मिळतीलच असे मात्र नाही. त्यामुळे पहिले काम पूर्वतयारीचे.

महत्त्वाची कागदपत्रे आणि छायाचित्रे बाह्य हार्डडिस्कवर उतरवून ती संगणकापासून वेगळी ठेवावी. अनेक लॅपटॉपमध्ये बिटलॉकरचे कुलूप मालकाच्या नकळत चालू असते. अंतर्गत रचनेत बदल होताच ते ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागते. ही किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आधीच कागदावर उतरवून घ्यावी. ती न सापडल्यास डिस्कवरील माहिती कायमची हातची जाते.

‘हा संगणक पात्र नाही’ असा संदेश आल्यास लगेच निराश होऊ नये. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षाचिप लागते. पुष्कळदा ही चिप असते, पण बंद ठेवलेली असते. बायोसमध्ये इंटेलच्या यंत्रांत ती ‘पीटीटी’, तर एएमडीच्या यंत्रांत ‘एफटीपीएम’ या नावाने आढळते. बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. प्रोसेसरच जुना असेल, उदाहरणार्थ इंटेलच्या बहुतांश सातव्या पिढीतील किंवा त्याआधीचा, तर अधिकृत मार्ग उरत नाही. आडमार्गाने प्रणाली बसवता येते. परंतु पुढील अद्यतनांची हमी मिळत नाही.

त्रुटी-क्रमांकाच्या शेवटी ७००७० असे अंक दिसल्यास जागा अपुरी आहे असे समजावे. तात्पुरत्या फायली काढून सी ड्राइव्हवर सुमारे २० जीबी जागा मोकळी करावी. क्रमांकात सी१९००१०१ हा भाग असल्यास दोष बहुधा ड्रायव्हरचा असतो. अशा वेळी प्रिंटर, पेनड्राइव्ह आदी उपकरणे काढावीत, बाहेरचा अँटीव्हायरस तात्पुरता हटवावा, ड्रायव्हर अद्ययावत करावेत आणि पुन्हा प्रयत्न करावा.

टक्केवारीचा आकडा बराच वेळ एकाच जागी थांबला, तरी वीज तोडण्याची घाई करू नये. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा आणि डेस्कटॉपला यूपीएसचा आधार असावा. पावसाळ्यात वीज वारंवार जाणाऱ्या गावांत ही काळजी विशेष आवश्यक ठरते.

मराठीत काम करणाऱ्यांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टंकलेली जुनी इतिवृत्ते, हिशेब किंवा हस्तलिखिते नव्या प्रणालीवर रोमन अक्षरांच्या गोंधळासारखी दिसू शकतात. फाइल खराब झालेली नसते. तिचा फॉन्ट तेवढा नसतो. डिस्क पूर्ण पुसून नवी प्रणाली बसवायची असल्यास विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधील जुने फॉन्ट आधीच जपून ठेवावेत. शक्य तेव्हा असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे हाच कायमचा उपाय होय.

बदलानंतर यंत्र नीट चालत नसल्यास ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टम’ आणि त्यातील ‘रिकव्हरी’ येथून पूर्वीच्या प्रणालीकडे परतता येते. ही मुभा साधारणतः १० दिवसांची असते. तोवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर पुसू नये. प्रिंटर, स्कॅनर, हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि मराठी टंकलेखन या साऱ्यांची तपासणी याच मुदतीत उरकून घ्यावी.